भिंतीआडचं बेट

पिंपरीच्या फाटकापासून चाकणच्या बाजारापर्यंत माझ्या साडूइतका बेटांच्या नादी लागलेला माणूस झाला नाही, आणि होणारही नाही. तुम्ही म्हणाल, आमच्या या पट्ट्यात बेट कुठलं? समुद्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही, आणि आमची पवना त्या काळी उन्हाळ्यात अशी आटायची की बसलेल्या म्हशीची पाठ कोरडी राहायची. तेच तर सांगतोय. ज्याच्या दारात पाणी आहे त्यानं बेटांबद्दल बोललं तर त्यात नवल काय? या गड्याच्या चाळीत नळाला धार नव्हती आणि तोंडात मात्र आठही प्रहर समुद्र. माझी बायको थोरली बहीण, त्याची धाकटी, एवढंच आमचं नातं. साडू म्हणजे एका मोटेला जुंपलेले दोन बैल. ओळख असते, माया असलीच पाहिजे असं नाही. मी दुसरीत शाळा सोडलेला गवंडी. शाळेनं मला काढलं नाही, मी तिला सोडली, हे आधीच सांगून ठेवतो. ओळंबा आणि थापी एवढ्यावर माझा संसार झाला आणि कुणापुढे मान खाली घालायची वेळ आली नाही. या साडूपुढेही मी कधी मान डोलावली नाही. एकदा सोडून. ते शेवटी येईल.

तो मूळचा राजगुरुनगरकडचा. आम्ही तेव्हा खेडच म्हणत होतो. तरुणपणी बापाशी भांडून पळाला तो कुठं कुठं वाहत जाऊन सरकारी पाहणीच्या बोटीवर खलाशी लागला. ती बोट अंदमानाच्या बेटाबेटांतून फिरायची. बोटीवर एक साहेब होता. सरडे, बेडूक, उंदीर धरायचे, स्पिरिटच्या बाटलीत घालायचे आणि कुठल्या बेटावर कोण सापडलं ते बघायचं, हे त्याचं काम. आणि बाटल्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन चिखलातून चालायचं, हे माझ्या साडूचं. साहेबाला बोलायला दुसरं कुणी नसायचं, म्हणून तो याच्याशी बोलायचा. त्यानं याला शिकवलं की बेटावर जनावर दिसलं की तीनच गोष्टी विचारायच्या: चालत आलं, वाहत आलं, का कुणी आणलं? उडून आलेलं वाहत आल्यातच धरायचं, कारण वाराही वाहतोच, ही भर साडूची. अंदमानाला वाघ नाही, कोल्हा नाही, कारण ती बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेली डोंगराची टोकं. जमिनीला ती कधी लागलीच नाहीत. ओंडक्याला धरून जे आलं तेवढंच तिथं रुजलं. हरणं गोऱ्या साहेबांनी शिकारीसाठी नेऊन सोडली, आणि मागे लागायला वाघ नाही म्हटल्यावर ती इतकी वाढली की रानात कोवळं रोप उरेना. लाकडं ओढायला नेलेले हत्ती काम संपल्यावर तिथंच राहिले, ते सोंड वर काढून या बेटावरून त्या बेटावर पोहत जायचे. हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. चाळीत यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. मलेरियानं खिळखिळा होऊन, चीनची लढाई झाली त्या साली तो परत आला, पिंपरीत एका कंपनीत लागला, आणि ते तीन प्रश्न आमच्या बोकांडी बसले.

माणसांनासुद्धा तो तेच विचारायचा. आम्ही चिखलीकडची जुनी घरं म्हणजे चालत आलेली, पाणी चढायच्या आधीची. फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पात आलेली आणि पुढं बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसं ओंडका धरून वाहत आलेली. कंपनीचे मॅनेजर, त्यांच्या बंगल्यांपुढची हिरवळ आणि हिरवळीवरची केसाळ कुत्री, हा सगळा आणलेला माल. मी एकदा विचारलं, "आन तू रं?" तर म्हणाला, "म्या वाहत गेलो आन वाहतच आलो, साडूभाऊ. आपलं जनावर सायबाच्या बाटलीत बी बसलं न्हाई." माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी त्याला आधीच दम भरला होता की आज बेट काढायचं नाही. पोहे झाले, सुपारी झाली, आणि एकदम मुलाकडं वळून त्यानं मायेनं विचारलं, "बाळ, तू चालत आलास का कुणी आणलं?" मुलगा खाली बघत म्हणाला, "मामांनी आणलं." मामा उठले, पाहुणे उठले, सोयरीक तिथंच मोडली. पुढं कळलं, पोराचं मन दुसरीकडंच होतं आणि मामानं त्याला गाडीत कोंबून आणला होता. माझ्या भावानं साडूशी बोलणं सोडलं ते सोडलंच. पुतणी मात्र तो जाईपर्यंत त्याला दिवाळीचा फराळ पाठवत होती.

जेवायला बसला की आमटीत भाकरीचे तुकडे मांडायचा. ताटातली आमटी वाढली की तुकडे सुटे सुटे, ही बेटं. मग ताट तोंडाला लावून आमटी ओरपायचा आणि तळ उघडा पडला की बोट ठेवून सांगायचा, "बघा, आता जमीन जोडली. आता मुंगी बी चालत जाईल." फार पूर्वी जगातलं पाणी बर्फात गोठून बसलं होतं, समुद्र उतरला होता, तेव्हा आपल्या मुलखातून हत्ती आणि बिबट्या लंकेला चालत गेले. मग बर्फ वितळलं, पाणी चढलं, वाट बुडाली. वाघ मागं राहिला. "वाघ उशिरा निघाला, राव. म्हून लंकेत वाघ न्हाई." माझी बायको म्हणायची, "दाजी, समुद्र गार झाला, वाढू का अजून?" पण खरी ऐकणारी त्याची बायकोच. अशी शांत बाई. हजारदा ऐकलेली गोष्ट आज पहिल्यांदा ऐकल्यासारखी हातातलं निवडणं थांबवून विचारायची, "मग पुढं?" एकदा भोंगा होऊन गेल्यावर हा कंपनीच्या फाटकावर पोचला आणि फोरमनला वाघाची अडचण समजावू लागला. फोरमन म्हणाला, "वाघाचा अर्धा दिवस कापलाय. बिबट्या मशीनवर उभा हाय, जा." ही गोष्ट साडू स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि फोरमनचं कौतुक करायचा.

एक गोष्ट मात्र तो हसत सांगायचा नाही. तेराव्याच्या पंगतीत हमखास काढायचा. लांबच्या कुठल्या बेटावर एक मोठा पक्षी होता. तिथं खाणारं जनावर नव्हतंच, तेव्हा पळायचं कशाला, उडायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या तो उडणंच विसरला. मग माणसांची गलबतं लागली. पक्षी भ्यायला नाही. पाहुणे आले म्हणून बघायला पुढं आला. काही माणसांनी खाल्ले, बाकीच्यांची अंडी गलबतातून उतरलेल्या उंदरांनी आणि डुकरांनी खाल्ली. "एक बी उरला न्हाई," असं म्हणून तो पत्रावळीवरून हात काढून घ्यायचा. गेलेल्या माणसाच्या घरचे उगीच ओशाळे व्हायचे, जणू तो पक्षी त्यांनीच खाल्ला.

कंपन्यांच्या भिंती उठू लागल्या तेव्हा माझे दिवस बरे चालले होते. ज्या रानात माझ्या बापानं ज्वारी पेरली त्या रानाला मी भिंत घातली. वाईट वाटलं का, असं विचारू नका. दुसऱ्या कुणी वाकडी घातली असती तर जास्त वाईट वाटलं असतं. चिखलीच्या वाटेला गायरानातलं एक टेकाड असं होतं की ते कुणाच्याच प्लॉटात बसेना. तीन बाजूंनी कंपन्यांच्या आणि चौथ्या बाजूला रस्त्याकडची अशा चार भिंती आल्या, त्यातल्या दोन माझ्या हातच्या, आणि मधे ते टेकाड राहिलं: काळा दगड, थोडं कुसळी गवत, बाभळी, घाणेरीची झुडपं. चौथी भिंत पुरी झाली त्या दिवशी मी मोठ्या दिमाखात साडूला दाखवायला नेला. त्यानं भिंतीवरून नजर फिरवली नाही. एक पत्र्याचं पिंप लावून वर चढला आणि पलीकडं बघत राहिला. आत ससे होते, तित्तर होते, एखादी घोरपड. कोल्हे बाहेर राहिले होते.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तुमी समुद्र बांधला."

"म्या भिंत बांधली. पाणसळ लावून बघ, सपाटीत केसाचा फरक न्हाई."

"तेच म्हंतो. समुद्र बी पाणसळीतच असतो."

मी दोन महिने त्याच्या घरी गेलो नाही.

पण त्याला बेट मिळालं ते मिळालं. पहिली पाळी सुटली की घरी जायच्या आधी पिंपावर चढून आत उतरायचा. तो काळा दगड म्हणजे पूर्वी जमिनीतून उतू गेलेली आग आहे, लापशी उतू जाऊन चुलीवर थरावर थर धरावा तशी, हे त्यानं मला तिथंच सांगितलं. मी म्हटलं, मी जन्मभर तो दगड फोडतोय, मला त्यानं असलं काही सांगितलं नाही. दुष्काळात टेकाडावर गवताची काडी उरली नाही. बाहेर रोजगार हमीवर माणसं खडी फोडत होती आणि हा कंपनीच्या बागेतलं कापलेलं गवत पोत्यात भरून सशांना नेऊन टाकत होता. लोक हसायचे. एकानं तोंडावर विचारलं, "माणसं मरायला लागली आन तुला सशाची पडली व्हय?" तो म्हणाला, "माणसाला हिकडून तिकडं जाता येतं, भावा. त्यास्नी कुटं जाता येतंय?" त्या वर्षी पुष्कळ ससे मेले. थोडे जगले. त्याची बायको रोज संध्याकाळी विचारायची, "किती दिसलं आज?" आणि तो एक दिसला तरी तीन सांगायचा.

पुढं एका पावसाळ्यानंतर तिला कावीळ झाली. झाडपाला झाला, सरकारी दवाखाना झाला, उसाचा रस झाला. गेली. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली ती तिनं पाळलेली करड्या रंगाची, एक कान फाटलेली मांजर. तिला बोलवायची मेहुणीची तऱ्हा निराळी होती. इतर बायका 'ये' म्हणतात, ही दारात वाटी घेऊन उभी राहायची आणि, मांजर कुठं दिसत नसताना, "आलीस का गं मने?" असं विचारायची. की मांजर येतच असायची. आता ती संध्याकाळी उंबऱ्यावर बसून विझलेल्या चुलीकडं बघायची. साडूनं वाटी पुढं केली तर तोंड लावायची नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या कंपनीच्या कँटीनचं खरकटं भिंतीवरून टेकाडात पडायला लागलं आणि उंदीर माजले. साडूला गवतात तित्तराची फुटलेली अंडी दिसली. आणि या माणसानं, ज्यानं आयुष्यभर गलबतातून उतरलेल्या उंदरांची आणि डुकरांची गोष्ट सांगून आमचे घास अडवले, त्यानं बायकोची मांजर पोत्यात घातली, पिंपावर चढला आणि टेकाडावर नेऊन सोडली.

मला कळलं तेव्हा होळी उलटली होती. तो आमच्या दारात आला तो आत येईना. मूठ उघडून दाखवली. तित्तराची पिसं होती. मांजर तिथं गेली तेव्हा पोटुशी होती. उंदीर तिनं खाल्ले असतील नसतील. तित्तराची पिल्लं आणि सशांची पिल्लं मात्र राहिली नव्हती. थोरल्या सशांची एक जोडी त्याला दिसत होती आणि त्यातली मादी पुन्हा गाभण होती. ती पिल्लं जगली तर बेट जगेल, नाही तर संपलं.

मी म्हटलं, "शाण्या, तुला कळत न्हवतं?"

"समदं कळत व्हतं. पर ती घरात चुलीकडं बघत बसायची, साडूभाऊ. म्हनलं, तिला काम लागंल, मला झोप लागंल."

"मग आता धर आन आण."

"माझ्या हाकंला येत न्हाई. रानटी झाली." मग माझ्याकडं न बघता, आत माझ्या बायकोकडं बघून म्हणाला, "अक्का, तुमी चला. तुमचा आवाज तिच्यासारखाच हाय."

दोघी बहिणींचा आवाज एक होता हे खरं. मीसुद्धा कितीदा फसलो होतो. बायकोनं चूल झाकली, वाटीत दूध घेतलं. पण तिचे गुडघे धरलेले. नऊवारीत पिंपावर चढून भिंत उतरणं तिच्यानं होणार नव्हतं. साडू म्हणाला, भिंतीला खाली एक भगदाड पाडलं तर? मी म्हटलं, माझ्या हातची भिंत आहे, फुटायची नाही आणि मी फोडायचा नाही. दुसऱ्याची फोडा. पण त्या दोन भिंतींपलीकडं कंपन्यांची यंत्रं होती. रस्त्याकडची होती ती माझीच. बायको मला म्हणाली, "तुमची भिंत थोरली का माझी बहीण?" चाळीस वर्षांच्या संसारात ती मला एवढं एकच वाकडं बोलली. मी छिन्नी-हातोडा घेतला.

गुरुवार होता, कंपन्यांची सुट्टी. वॉचमन एकेकाळी माझ्या हाताखाली माल कालवलेला. तो चहाला निघून गेला. स्वतःचं काम फोडताना कळतं की आपण किती चांगलं केलं होतं. मी घामाघूम झालो, तेव्हा कुठं एक बाई वाकून जाईल एवढी वाट झाली. आत ऊन रखरखत होतं. गवतात जागोजाग पिसं होती आणि तित्तर एकही ओरडत नव्हता. साडू एका काळ्या दगडावर जाऊन बसला. बायको उभी राहिली, वाटीवर बोटानं टिचकी मारली आणि बहिणीच्या आवाजात, बहिणीच्या तऱ्हेनं विचारलं, "आलीस का गं मने?"

घाणेरीत काही हललं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना वाटीवर आणखी एक टिचकी मारली, आणि तेवढ्यात फाटका कान दिसला. मांजर खाली अंग धरून आली, थबकली, आणि बायकोच्या पायाला अंग घासू लागली. बायकोनं वाटी खाली ठेवली. मी पोतं घेऊन पुढं झालो.

दगडावरून साडू म्हणाला, "अक्का, अजून एकदा."

"आली की हो, दाजी. ही काय, पायाशी हाय."

"दिसतंय मला. अजून एकदा हाक मारा."

मांजर दूध पीत होती आणि माझी बायको, डोळ्यांना पदर न लावता, समोरच्या मोकळ्या रानाकडं बघून हाक मारत राहिली. साडू गुडघ्यांत मान घालून ऐकत होता. मी कुठं बघावं ते न कळून फोडलेल्या भिंतीकडं बघत राहिलो.

मांजर आमच्या घरी राहिली आणि म्हातारी होऊन मेली. तिची पिल्लं टेकाडावरच राहिली होती. ती आमच्यापैकी कुणाच्याच हाकेला आली नाहीत, कारण त्यांना कुणी कधी हाक मारलीच नव्हती. संध्याकाळी मी भगदाड बुजवायला सिमेंट घेऊन गेलो तर साडू त्याला पाठ लावून बसलेला. "बुजवू नका," म्हणाला. "वाट ऱ्हाऊ द्या. त्यास्नी बाहेर जाता यील." वाटेनं बाहेर कोण गेलं मला माहीत नाही. आत मात्र पहिल्यांदा आली ती कँटीनची कुत्री. त्यांनी मांजराची पिल्लं मारली, आणि गाभण सशीणही त्यानंतर दिसली नाही. टेकाड मोकळं झालं. मी म्हटलं, आता तरी बुजवू? तो म्हणाला, "आणलेलं पयलं येतं, साडूभाऊ. चालत येणारं मागनं येतं. त्याला दम धरावा लागतो."

आणि तो दम धरून बसला. पाळी सुटली की त्या वाटेशी. पुढं खोकल्यानं नोकरी सुटली, मग दिवसभर. समुद्र, वाघ, हत्ती, सगळं बोलणं बंद झालं. आमच्याकडं जेवायला आला तर भाकरी आमटीत कुस्करून मुकाट खायचा. बायकोनं एकदा मुद्दाम विचारलं, "दाजी, मग पुढं?" त्यानं तिच्याकडं बघितलं आणि ताट घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात एक दिवस तो धापा टाकत आमच्या दारात आला. छातीचा भाता झाला होता, पण तोंड उजळलेलं. मूठ उघडली. तळहातावर लेंड्या होत्या.

"चालत आला," म्हणाला. "वाटेनं आत आलाय. ससा हाय."

मी जन्मभर शेरडं पाळलेला माणूस. सशाची लेंडी गोल, चपटी, आत गवताचा भुसा. शेळीची काळी, लांबट, तुळतुळीत. कुणी डोळ्याला फडकं बांधून हातावर ठेवली तरी मी सांगेन. आणि त्या काळात मराठवाड्याकडून आलेल्या एका बाईची शेळी त्या टेकाडावर चरायला जाते, हेही मला ठाऊक होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आत चुलीशी बायकोचा हात थांबला होता.

मी एक लेंडी उचलली, उन्हात धरली, उलटीपालटी केली.

"सशाचीच हाय," मी म्हटलं.

"तुमी म्हंता म्हंजे असंल," तो म्हणाला. उभ्या जन्मात मी त्याच्या एका शब्दाला हो म्हटलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. आत येऊन नीट मांडी घालून बसला. बायकोनं आमटी वाढली तर त्यानं भाकरीचे दोन तुकडे मोडून सुटे सुटे ठेवले, बराच वेळ बघत राहिला, आणि मग ताट तोंडाला लावलं.

पावसाच्या आधी तो गेला. दोन वर्षांनी टेकाडही गेलं. सुरुंग लावून दगड काढला, जमीन सपाट केली, तिथं शेड उभी राहिली. माझी भिंत मात्र अजून आहे. खालचं भगदाडही आहे. कंपनीचे नवे साहेब आले की त्यांच्या नजरेत येतं, मग ते कुणाला तरी विचारतात, भिंत कुणी बांधली, आणि मला बोलावणं येतं. मी काठी टेकत जातो. ते म्हणतात, बाबा, बाकी भिंत इतकी सरळ आणि खाली हे भोक कशाला ठेवलं?

मी सांगतो, पाणी ओसरायला.